मुलाच्या तोंडी काय घालायचं

१४ जानेवारी

नाटक होणार! आणि ते मी लिहिणार!

आज सकाळी मी खिडकीत बसून शेजारच्या मांजरावर खेकसत होते. निवृत्त बाईला याहून जास्त काय काम असतं? आणि आता टेबलावरची फुलदाणी, औषधं, विजेचं बिल सगळं खाली ढकलून कोरे कागद मांडलेत.

झालं असं. आमच्या मोंत्रेव्ही गावात एके काळी चर्चसमोरच्या चौकात येशूच्या दुःखसहनाचं नाटक व्हायचं. सगळं गाव त्यात काम करायचं. ते बंद पडून साडेचारशे वर्षं झाली. संहितेची एक ओळसुद्धा उरलेली नाही. उरलंय ते माझ्या गल्लीचं नाव. रंगमंचावरचा नरकाचा जबडा गल्लीच्या तोंडाशी बांधायचे, म्हणून ही नरकद्वार गल्ली. मी जन्मभर इथे राहते आणि नव्या टपालवाल्याखेरीज कुणाला त्याचं हसू येत नाही.

आज उत्सव समितीची बैठक होती. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्याच चौकात नाटक पुन्हा करायचं असं ठरलं. लिहिणार कोण? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. फिर्मँ खाटीक तर उठूनच उभा राहिला. "बाई, तुम्हीच! आम्हाला शाळेत साहित्याची सगळी शतकं घोटून पाजलीत, आता तुम्हीही जरा राबा."

मी म्हटलं, "अरे, मी देव मानत नाही. माझे वडील रेल्वेत होते, गुड फ्रायडेला, मांस वर्ज्य म्हणूनच, मुद्दाम रस्त्याकडची खिडकी उघडी टाकून सॉसेज तळायचे. मिरवणुकीला वास जावा म्हणून."

फादर ओनोरे कोपऱ्यात कोट न काढता बसले होते. ते मूळचे आफ्रिकेतल्या बेनिनचे, सतरा गावांची चर्चं एकटे सांभाळतात, त्यामुळे कुठेही बसले तरी निघायच्या तयारीत असतात. म्हणाले, "मास्तरीणबाई, सुऱ्याला धार लावणाऱ्यानं मटण खाल्लंच पाहिजे असं आहे का?"

"एक अट आहे," मी म्हटलं. "हे साहित्य असेल, धर्मशिक्षण नाही. फक्त साहित्य."

"फक्त?" फादर म्हणाले, आणि आपली गाडी काढायला गेले.

१६ जानेवारी

किती वर्षांनी पुस्तकांच्या कपाटात अशी शिरले! गुडघे धुळीनं पांढरे झालेत.

आमच्या भाषेची एक मोठी गंमत आहे. मुलांना मी सांगायचे, की फ्रेंच साहित्यात एकही शतक असं नाही ज्यात कुणीतरी देवाशी भांडत बसलेलं नाही. मध्ययुगात देव चौकातल्या लाकडी शिडीवरून खाली उतरायचा, धुरानं खोकायचा, आणि लोक त्याच्यासमोर अक्रोड फोडत बसायचे. सतराव्या शतकात त्यानं केसांचा टोप चढवला आणि दरबारी माणसांशी अतिशय शुद्ध भाषेत बोलायला लागला. अठराव्यात त्याची टिंगल झाली, पण टिंगल करणाऱ्यांनाही रोज सकाळी उठून तोच विषय लागायचा. एकोणिसाव्यात कवी गुत्त्यातून निघायचे ते थेट चर्चच्या खांबाआड रडायला. विसाव्यात देव गप्प झाला, आणि कादंबरीकारांनी त्या गप्प बसण्यावर चारचारशे पानं लिहिली.

वर्ग हसायचा. मी फार छान शिकवायचे, हे मीच लिहिते, कारण ते खरं आहे. इतक्या वर्षांत एकाच विद्यार्थ्यानं ते सगळं शब्दशः घेतलं. असो.

२३ जानेवारी

भूमिकावाटप. हसून हसून पोट दुखतंय.

सैतान व्हायला एकोणीस अर्ज! सगळ्या महिला मंडळाला शेपूट हवंय. येशूला पकडून देणारा यहूदा व्हायला कुणी तयार नाही. शेवटी विम्याचा एजंट म्हणाला, "द्या मला, तसंही मला पाहून लोक दार लावतात."

देवबाप म्हणजे फिर्मँ. आवाज असा, की दुकानात "पुढचा कोण?" म्हणाला तरी माणूस आपली पापं आठवतो. फक्त चष्मा काढायला तयार नाही. "बाई, शिडीवरून पडलो तर सृष्टी कोण चालवणार?"

येशूची आई मरिया म्हणजे सोलेन. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी आमची नर्स. तिला सगळ्या गावाची दुखणी पाठ आहेत आणि चेहऱ्यावर एकही दिसत नाही. येशू लोईक, छपरं दुरुस्त करणारा. नाव घेतल्यावर कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "बाई, जास्त बोलायचं नसेल तर करतो." तो वर्गातही असाच होता, उत्तर येत असलं तरी बूट बघत बसायचा.

२ फेब्रुवारी

आज घरोघर धिरडी, सणच आहे धिरड्यांचा, आणि माझं पहिलं तव्यावर जळलं, कारण मी लिहीत होते. आईचा प्रवेश एका बैठकीत झाला! मला माहीत नव्हतं माझ्या हातात एवढा वेग आहे.

प्रवेश असा. बेथानी गावातलं घर. दुसऱ्या दिवशी मुलगा जेरुसलेमला जाणार, परत येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक. आई त्याला जेवायला वाढते आणि चार मागण्या करते. पहिली: दुसऱ्या कुणाला तरी पाठव. जगात इतके मुलगे आहेत. दुसरी: जायचंच तर पुढच्या वर्षी जा. तिसरी: मग मला बरोबर ने. चौथी: तेही नसेल तर निदान जाताना एकदा वळून बघ.

दुपारी सोलेन माझा रक्तदाब बघायला आली तेव्हा तिला वाचून दाखवलं. दंडाला पट्टा तसाच. चौथ्या मागणीला तिनं पंप दाबायचा थांबवला आणि नाक पुसलं.

"बाई, प्रेशर फार वाढलंय तुमचं."

"लेखनाचं आहे ते."

"असेल. आणि मुलगा काय म्हणतो?"

"ते उद्या लिहिते."

३ फेब्रुवारी

नाही जमलं. उद्या.

९ फेब्रुवारी

मुलगा बोलतच नाही! म्हणजे बोलतो, पण जे बोलतो ते फाडून टाकावं लागतं. जुन्या नाटकांतल्या बारा अक्षरांच्या भारदस्त ओळीत लिहिलं, तर मंत्री राजीनामा देतोय असं वाटतं. साधं लिहिलं तर उद्धट. प्रेमळ लिहिलं तर खोटं. "आई, तुला कळायचं नाही" असं लिहिलं आणि मला इतका राग आला की पेन आपटलं. कळायचं नाही म्हणे! आईला!

बाकीचं नाटक मात्र घोड्यासारखं धावतंय. सैतानांचे संवाद तर मी स्वतःच म्हणते आणि स्वतःच हसते.

१५ फेब्रुवारी

तालीम! काय दिवस गेला! नरकाचा जबडा उभा राहिला. लाकूड, ताडपत्री, जुन्या ट्रॅक्टरचे दिवे डोळ्यांच्या जागी. जबडा उघडला की धूर यायला हवा, पण पहिल्या वेळी धूर उलटा गेला आणि सगळे सैतान खोकत, शिव्या देत बाहेर पळाले. फिर्मँ वरून गरजला, "मी अजून शाप दिलेला नाही!" फादर ओनोरे डोळे पुसत म्हणाले, "सतरा गावांत मिळून रविवारी एवढी माणसं येत नाहीत हो मला."

मग आईचा प्रवेश. सोलेननं चारही मागण्या अशा म्हटल्या की ताडपत्रीवाले सुतारसुद्धा हातोडी खाली ठेवून उभे राहिले. आणि मग लोईक माझ्याकडे बघतो. "बाई, मी काय बोलू?"

"रिकामी जागा आहे तिथे. पुढे चला."

पण पुढे कोण जातंय! प्रत्येकाला उत्तर सुचायला लागलं. फिर्मँ म्हणाला, "सांगायचं सरळ, आई, वरून हुकूम आहे, माझ्या हातात नाही."

"तुझ्या दुकानात चालेल ते," सोलेन म्हणाली. "उरलेलं मटण का महाग ते सांगताना."

मी फादरना विचारलं, शेवटी त्यांचं खातं आहे. ते जरा वेळ टोपी फिरवत राहिले. म्हणाले, "तिकडे बेनिनला, कोतोनूच्या विमानतळावर माझी आई मला सोडायला आली होती. ती काय काय बोलली ते शब्द न् शब्द सांगू शकतो. मी काय उत्तर दिलं, विचारू नका. आठवत नाही."

उपयोग काय अशा माहितीचा?

आणि तेव्हा सोलेन, अंगावरची निळी ओढणी घडी करत, जसं काही रक्ताची तपासणी करून या म्हणतेय अशा आवाजात म्हणाली, "बाई, बास्त्याँला विचारा ना."

सगळे एकदम दोऱ्या गुंडाळायला लागले.

बास्त्याँ माझा मुलगा. तो आणि सोलेन एका बाकावर बसायचे. नऊ वर्षांपूर्वी, पंचविसाव्या वर्षी, विद्यापीठातली नोकरी समोर असताना, तो मठात गेला. तिथे त्याला ब्रदर कोलोंबाँ म्हणतात. मी म्हणत नाही. माझा नवरा लुस्याँ असेपर्यंत वर्षातून दोनदा त्याला भेटून यायचा आणि गाडीतून उतरताना नेहमी म्हणायचा, "बरा आहे गं." मी जात नाही. रस्ता वळणावळणांचा आहे आणि मला गाडी लागते.

१८ फेब्रुवारी

विचार करता सोलेनचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मधमाश्यांवर लिहायचं तर माणूस मधमाश्या पाळणाऱ्याकडे जातो. हा अभ्यासदौरा आहे. मठाच्या अतिथिगृहात फोन केला. फोन घेणारा ब्रदर म्हणाला, "आपण कोण बोलताय?" मी म्हटलं, "लेखिका." मग थोड्या वेळानं म्हटलं, "त्याची आई."

२७ फेब्रुवारी

आत्ताच परतले. कोटसुद्धा काढलेला नाही. विसरण्याआधी सगळं लिहून काढते, कारण आज मला माझा प्रवेश सापडला!

सकाळी गुजेर भाजले. गरम चीजचे ते फुगे, भरपूर केले, कारण मठ म्हटलं की बिचारे सगळेच उपाशी असणार. वाटेत गाडी लागली नाही. हवा कोरडी होती म्हणून असेल.

भेटीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जे असायचं ते. तो आत आला. पांढरा झगा, त्यावर काळा पट्टा, पायात रबरी बूट. ते चीज करतात तिथून, त्या कामातूनच उठून आला होता. हातांना ताकाच्या निवळीसारखा वास.

"आई, बारीक झालीस."

"आणि तुझे केस कुठे गेले?"

"अर्धे त्यांनी कापले, अर्धे पप्पांवर गेलेत."

मी म्हटलं, मी कामासाठी आलेय. तो म्हणाला, ठीक आहे. मी डबा उघडून त्याच्यापुढे सारला आणि वाचायला लागले. तो डोळे मिटून ऐकत होता, लहानपणी ऐकायचा तसा. पहिली मागणी, दुसरी, तिसरी. चौथीला त्यानं डोळे उघडले.

"ही तू तेव्हा केली नव्हतीस."

"केव्हा?"

"काही नाही. वाच."

"संपलं. पुढे अडलंय. तो काय म्हणतो? तुला ठाऊक असायला हवं. तुझा धंदाच आहे तो."

तो हसला. मग म्हणाला, "नाटकासाठी हवंय?"

"मग कशासाठी?"

त्यानं एक गुजेर उचलला, मधोमध फाडला, वास घेतला. "मी घरी सांगितलं तो दिवस आठवतो तुला? तू सबंध संध्याकाळ बोलत होतीस. सगळी शतकं बाहेर काढलीस. कोण श्रद्धेनं वेडा झाला, कोण भोंदू निघाला, कोणाच्या आईनं अन्न सोडलं."

"मुद्दे चोख होते माझे."

"चोखच होते. तुझ्याकडूनच शिकलो होतो ते सगळे लोक. तूच मला वाचायला दिलेस."

"साहित्य म्हणून दिले होते!"

"हो," तो म्हणाला. "फार छान शिकवायचीस तू, आई."

मी विषयावर आणलं. "मग तू काय उत्तर दिलंस? तेच तर मला आठवत नाहीये. काहीतरी बोललाच असशील!"

"तू सांग. नीट आठव. मी काय करत होतो?"

मी आठवलं. आणि आठवता आठवता मला इतक्या वर्षांनी पुन्हा संताप आला. "एक शब्द बोलला नाहीस! मी आपली जीव तोडून बोलतेय आणि तू मान खाली घालून जेवतोयस! शलगमचं सूप केलं होतं मी. ताटली पुसून खाल्लंस. वर पुन्हा मागून घेतलंस! लुस्याँसुद्धा बघत राहिला, कारण तू शलगम कधी..."

"हं?"

"तू शलगम कधी खात नाहीस."

"वाससुद्धा सहन होत नाही," बास्त्याँ म्हणाला. "लहानपणापासून."

आणि तिथे, त्या खुर्चीत, मला लख्ख दिसलं! उत्तर नाहीच! मुलाच्या तोंडी शब्द घालायचेच नाहीत! ती मागत राहते आणि तो तिनं वाढलेलं खात राहतो. शेवटच्या घासापर्यंत. मग उठतो आणि जातो, वळून न बघता. नाट्यदृष्ट्या किती अप्रतिम! साडेचारशे वर्षांत कुणाला सुचलं नसेल!

मी त्याला तसं म्हटलं. तो टेबलाकडे बघत होता. म्हणाला, "चांगलं आहे, आई. फार चांगलं आहे."

मला इतकी घाई झाली होती की डबा तिथेच राहिला. फाटकापर्यंत तो आला होता. मी गाडी काढली तेव्हा त्यानं हात केला असावा. आरशात बघायला हवं होतं, पण डोक्यात प्रवेश चालू होता. डबा अर्धा रिकामा झाला होता, हे मात्र पाहिलं. एका बैठकीत इतके! उपाशीच ठेवतात.

२८ फेब्रुवारी

प्रवेश पूर्ण. मुलाला एकही शब्द नाही. मला नाचावंसं वाटतंय, आणि स्वयंपाकघरात थोडी नाचलेही.

११ मार्च

समितीत वाद. अध्यक्षबाई म्हणाल्या, "लोकांना वाटेल लोईक संवाद विसरला."

लोईक आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर ताडकन बोलला, "बाई म्हणतात ते बरोबर आहे." मग पुन्हा बूट बघायला लागला.

फिर्मँ म्हणाला, "पण देवाच्या मुलानं आईला उलट उत्तरही द्यायचं नाही, सरळ उत्तरही नाही, म्हणजे वरून बघताना मला बरं वाटत नाही हो."

"मग तसंच वाटू दे," मी म्हटलं. "आणि त्या वेळी चष्मा पुसू नकोस."

मध्येच मनात येतं, हे सगळं फसलं तर? चौकात पाऊस आला तर, जबडा उघडला नाही तर, लोक हसले तर? मग वाटतं, फसू दे. मला इतकं जिवंत कधी वाटलं नव्हतं. लुस्याँ गेल्यापासून तर नाहीच.

२९ मार्च

लोईकला खायला शिकवतेय! तो भराभर खातो, कामावरच्या डब्यासारखं. मी सांगितलं, सावकाश. प्रत्येक घास म्हणजे तुझं एक वाक्य आहे. पहिला घास: ऐकलं. दुसरा: दुखतंय. तिसरा: तरीही. आणि शेवटी पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसायचा, एक थेंब टाकायचा नाही.

"तो म्हणजे कोणतं वाक्य, बाई?"

"ते तुझं तू ठरव," म्हटलं.

फादर ओनोरे मागच्या बाकावर बसून हे ऐकत होते. जाताना म्हणाले, "मास्तरीणबाई, मी नऊ वर्षं धर्मशास्त्र शिकलो. असा तास एकही झाला नाही."

"अभिनयाचा तास होता तो," मी म्हटलं. या माणसाला प्रत्येक गोष्टीत आपलं गिऱ्हाईक दिसतं.

१२ एप्रिल

झालं! झालं! झालं!

कुठून सुरुवात करू? ऊन होतं. चौक भरला, खिडक्या भरल्या, बेकरीच्या छपरावर माणसं. सतराही गावं आली होती. जबडा पहिल्या फटक्यात उघडला, धूर बरोब्बर लोकांवर गेला, लहान मुलं किंचाळली आणि पुन्हा पुन्हा उघडा म्हणून ओरडली. सैतानांना टाळ्या. यहूदाला कुणीतरी कोबीचा दांडा मारला आणि विम्याचा एजंट धन्य झाला. फिर्मँनं शिडीवर चढून "मी आहे" असं म्हटलं तेव्हा चर्चच्या मनोऱ्यातली कबुतरं उडाली. ते आम्ही बसवलेलं नव्हतं!

मी जबड्याच्या मागे, ताडपत्रीच्या आड, संहिता घेऊन, कुणी अडलं तर शब्द पुरवायला. तिथून मला सोलेनची पाठ दिसत होती आणि लोईकचा चेहरा.

आईचा प्रवेश सुरू झाला. सोलेननं सूप वाढलं. खरं सूप, शलगमचं, मीच केलं होतं, वाफ येत होती. ती पहिली मागणी मागते. लोईक घास घेतो. एवढ्या मोठ्या चौकात चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज. दुसरी. घास. तिसरी. छपरावरची माणसंही हलत नव्हती. कुठे तरी एक बाळ रडायला लागलं आणि आपणच गप्प झालं. चौथी मागणी सोलेननं जवळजवळ कुजबुजून केली. जाताना निदान वळून बघ.

लोईकनं पाव घेतला. वाडगा पुसला. गोल, सावकाश. खाल्ला. उठला. आणि चौकाच्या मधोमध, लोकांनी सोडलेल्या वाटेनं चालायला लागला, पाठमोरा, जसं बसवलं होतं तसं.

आणि तेव्हा कोणीतरी ओरडलं.

"वळ की रे!"

बाईचा आवाज. मोठा, फाटलेला, मुळीच सुंदर नाही. नाटकात नव्हता. लोईक थांबला. त्याच्या पाठीला कळेना काय करावं. आणि मग तो वळला. संहितेत साफ लिहिलंय, वळत नाही. तो वळला, आणि त्यानं सोलेनकडे नाही पाहिलं, तिच्या मागे, जबड्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग पुन्हा फिरला आणि गेला.

पुढचं नाटक कसं झालं मला नीट आठवत नाही. छानच झालं म्हणतात. शेवटी सगळा चौक उभा होता. फिर्मँ देवाच्या दाढीसकट रडत होता आणि मला मिठी मारून म्हणाला, "बाई, बाई, बाई," एवढंच.

१३ एप्रिल

सगळे म्हणतात तो आवाज माझा होता. मला तसं आठवत नाही. मी शब्द पुरवण्यासाठी तिथे होते आणि माझं काम मी चोख केलं.

चर्चमधून झावळ्या घेऊन लोक बाहेर पडत होते. फादर ओनोरे माझ्या दाराशी थांबले, एक झावळी चौकटीत खोचली आणि म्हणाले, "काल शब्द पुरवणारीनं एक जादा ओळ दिली म्हणे."

"ती ओळ आधीच म्हणून झाली होती," मी म्हटलं. "सोलेननं म्हटली होती."

"हो. पण पहिल्या वेळी त्याला ऐकू आली नसावी."

मी झावळी काढून टाकणार होते. मग वाटलं, वाऱ्यानं आपोआप पडेल.

२४ एप्रिल

मठात जाऊन आले. कारण सांगायचं तर, तिथली संध्याकाळची प्रार्थना आमच्या भाषेत होते, आणि त्या स्तोत्रांचं भाषांतर फार चांगलं आहे असं ऐकलं होतं. साहित्याच्या माणसानं ते एकदा ऐकायला हवं.

आधी कळवलं नव्हतं. आत जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसले. पुढे दोन रांगांत ते समोरासमोर उभे. सगळे पांढरे, सगळे झग्याची टोपी डोक्यावर ओढलेले, पाठीला बाक आलेले म्हातारे आणि दोनतीन तरुण, कोण कुठला ओळखूच येत नाही. माझ्या मनात आलं, काय मूर्ख बाई आहेस, स्वतःचा मुलगा सापडत नाही तुला. रांगांवरून नजर फिरवली. उंची बघितली. खांदे बघितले. नाही.

मग ते गायला लागले. आधी एक रांग, मग दुसरी, लाटेसारखं. गुळगुळीत, एका सुरात, जणू एकच माणूस गातोय.

एक सोडून.

डावीकडच्या रांगेत, मागच्या बाजूला, कोणीतरी अर्धा सूर खाली गात होतं. मन लावून, मोठ्यानं, बेसूर. त्याचे बाप आणि आजोबा दोघेही असेच गायचे. नऊ वर्षं त्या बिचाऱ्या लोकांनी हे रोज ऐकलं असणार आणि एकानंही त्याला गप्प केलं नाही.

मला हसू आलं. मी रुमाल तोंडाला लावला. बाकीचे उठले तेव्हा मी उठले नाही, गुडघेही टेकले नाहीत, ते माझ्या वडिलांना आवडलं नसतं. शब्द काय होते, भाषांतर कसं होतं, काही सांगता येणार नाही, मी ऐकलंच नाही. त्या सगळ्या सुरेल आवाजांतून मी तो एकच आवाज बाजूला काढला आणि प्रार्थना संपेपर्यंत सुटू दिला नाही.